चक्करसाठी कानाचा डॉक्टर : तपासणीला पाच स्टार, जिन्याला शून्य

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी पण आहेत आणि डॉक्टर माणूस चांगलाय, उगं इंटरनेटवर कुणाची शोभा करायची नाही. सोलापुरात रेल्वे लाईन्स भागात कान-नाक-घशाचं आहे, पहिल्या मजल्यावर, एवढं सांगतो. ज्यानं तो जिना एकदा चढलाय त्याला बरोबर कळेल कुठलं ते.

माझं युनिफॉर्म शिवायचं बारकं युनिट आहे, चौदा मशीन, शाळेच्या ऑर्डरी. मार्च म्हणजे आमचा सीझन सुरू व्हायचा टाईम. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं आणि त्या दिवशी पहाटे चारला सुटणार होतं म्हणून मोबाईलला गजर लावलेला. गजर वाजला, मी उजव्या कुशीवर वळून हात लांब केला तोच अख्खी खोली गरगर फिरायला लागली. लाईट गेलेली, पंखा बंद, तरी पंखा फिरताना दिसतोय. मी पलंगाचा काठ धरून पडलोय, बायको विचारतीय "ओ, काय व्हायलंय?" आणि मला बोलायची भीती कारण तोंड उघडलं की उलटी. अर्ध्या मिनिटात थांबलं. उठून बसलो, बरं वाटलं, म्हणलं पित्त असंल, पाणी भरायला गेलो, बादली उचलायला खाली वाकलो तर परत तेच. नळ चालू, बादली भरून वाहतीय आणि मी भिंत धरून उभा. सोलापुरात पाणी वाहू देणं म्हणजे काय पाप आहे ते वेगळं सांगायला नको.

सकाळी जवळच्या एका हॉस्पिटलात गेलो. नाव नको. ईसीजी झाला, शुगर झाली, डोक्याचा सीटी झाला, मानेचा एक्स-रे झाला, सगळं मिळून साडेआठ हजार. शेवटी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं मणक्यात गॅप आहे, मानेचा पट्टा लावा आणि ह्या गोळ्या तीन टाईम. ते मणक्यातलं गॅप प्रकरण मला नंतर कळलं, माझ्या वयाच्या निम्म्याशिम्म्या लोकांच्या मानेचा फोटो काढला तर कायतर झीज दिसतेच, म्हणून चक्कर त्यानंच येते असं नाही. पण तेव्हा आपण काय म्हणणार? मार्च महिन्यात सोलापूरच्या उन्हात तो पट्टा गळ्यात घालून तीन आठवडे बसलो. गोळ्यांनी नुस्ती झोप. कटिंग टेबलवर वीस-वीस पदराचा थर आणि हातात कटर मशीन, अशात डुलकी येणं म्हणजे बोटं जायचं काम. आमच्या कटिंग मास्तरनी माझ्या हातातनं मशीन काढून घेतलं आणि म्हणले, "मालक, तुम्ही कानाच्या डॉक्टरला दाखवा. माझ्या साडूला असंच झाल्तं." मी म्हणलं मास्तर कान चांगलाय माझा, चक्कर येतीय. ते म्हणले तेच सांगायलोय.

तर आता क्लिनिक. आधी जिना. चक्कर येणाऱ्या लोकांचा दवाखाना, आणि सोळा पायऱ्या, अरुंद, उंच, मध्ये एक वळण, आणि धरायला कठडा नाही. एका बाजूला भिंत, एका बाजूला हवा. मी बायकोचा खांदा धरून वर गेलो. माझ्यापुढं एक आजोबा होते ते बसून बसून चढत होते, लहान पोरं चढतात तसं. लिफ्ट नाही. हे लिहायलाच मी मुळात रिव्ह्यू लिहायला घेतला.

वर रिसेप्शन. अपॉइंटमेंट अकराची, नंबर लागला सव्वाएकला. टीव्हीवर सिरियल मोठ्या आवाजात, कुलर हवा मारतो पण पाण्याच्या जारला पाणी नाही. रिसेप्शनवरची पोरगी कामाला चलाख आहे, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही धडाधड बोलते, पण फोन उचलत नाही. समोर वाजत असला तरी नाही.

दोन तास बसल्यावर माणसं बोलायला लागतातच. शेजारी अक्कलकोटकडचे एक गुरुजी होते. त्यांचं असं की आधी डावा कान दडे बसल्यासारखा भरून येतो, मग आत कुकर लावल्यासारखा आवाज, आणि मग चक्कर सुरू झाली की तीन-चार तास हलता येत नाही, त्या कानानं ऐकू पण कमी यायला लागलंय. डॉक्टरांनी त्याला मेनिएरचा आजार सांगितलेला, आतल्या कानातलं पाणी वाढतं म्हणे त्यात, आणि मीठ तोडलं. गुरुजी म्हणले चक्कर परवडली पण शेंगाचटणी बंद हे परवडत नाही हो. पलीकडं एक पावरलूमवरचा पोरगा, विशीतला, त्याला सर्दी-तापानंतर एक दिवस सकाळी जे गरगरायला लागलं ते तीन दिवस थांबलंच नाही, डोळे मिटले तरी फिरतंय. ऐकू मात्र चांगलं येतं. त्याला आतल्या कानाच्या नसेला सूज आल्ती. तो आता फक्त चालायच्या व्यायामासाठी येत होता, डुलत डुलत पण हसत होता बिचारा. म्हणजे बघा एकाच बाकड्यावर तिघं, तिघं पण चक्करचे, तिघांचं दुखणं वेगळं.

माझा नंबर आला. डॉक्टर पन्नाशीचे असतील. मी बसलो आणि सुरू केलं, डॉक्टर चक्कर येते. त्यांनी हात वर केला आणि म्हणले, "चक्कर हा शब्द न वापरता सांगा, नेमकं काय होतं."

मला पहिल्यांदा राग आला. दोन तास बसून परत परीक्षा. पण खरं सांगतो, फी सहाशे आहे आणि ती सगळी त्या एका वाक्यात वसूल झाली. कारण मी विचार करायला लागलो तेव्हा कळलं की आपल्याकडं शब्द लई आहेत, दवाखान्यात गेलं की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. गरगरणं वेगळं, म्हणजे घर फिरतंय नाहीतर आपण फिरतोय. डोळ्यापुढं अंधारी येणं वेगळं, उठलो की डोकं हलकं होऊन सगळं काळं होतं ते. झोक जाणं वेगळं, डोकं एकदम साफ आहे पण पाय ऐकत नाहीत, चालताना भिंतीकडं जातो. आणि भोवळ येऊन पडणं, शुद्ध जाणं, ते अजून वेगळं. डॉक्टर म्हणले गरगरत असलं तर मी आधी कानाकडं बघतो, अंधारी येत असली तर बीपी, औषधं, अंगातलं रक्त-पाणी, झोक जात असला तर पायाच्या नसा नाहीतर मेंदू, आणि शुद्ध हरपत असली तर हृदय. हे काय पक्कं गणित नाही, पेशंट पण दर वेळी वेगळं सांगतो, म्हणून दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, किती वेळ टिकतं आणि कशानं सुरू होतं. सेकंद, मिनिटं, तास, का दिवस. मी म्हणलं कूस बदलली, वर माळ्याकडं बघितलं नाहीतर खाली वाकलो की, आणि अर्ध्या मिनिटात थांबतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्यांना तिथंच कळल्तं.

तरी सगळं विचारलं. बोलताना जीभ जड होते का, एकाचे दोन दिसतात का, गिळायला त्रास, हात-पाय लुळा, डोकं भयंकर दुखलं का. कुठल्या गोळ्या चालू. कानात बघितलं, चालवून बघितलं. मग टेबलावर बसवलं, डोळ्याला कॅमेऱ्याचा मोठा गॉगल लावला, मान उजवीकडं अर्धी वळवली आणि धरून एका दमात मागं आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेच्या खाली. तीन-चार सेकंद काही नाही. मी म्हणणार होतो काय होईना की, तोच सुरू झालं, तीच पहाटेची खोली. बायको स्क्रीनकडं बघत होती, ती नंतर म्हणली तुमचे डोळे नळाच्या मीटरच्या काट्यासारखे टकटक उडत होते. डॉक्टर शांतपणे सेकंद मोजत होते. डावीकडं केलं तर काहीच नाही. ह्या तपासणीला डिक्स-हॉलपाईक म्हणतात, १९५२ पासून चालत आलीय, आणि ह्याला फक्त एक टेबल आणि दोन हात लागतात. गॉगल असला तर बरं, नसला तरी चालतं. माझ्या साडेआठ हजारात ही नव्हती.

मग त्यांनी टेबलाच्या खणातनं सलाईनच्या नळीचं एक कडं काढलं, आत पाणी आणि चार मोहरीचे दाणे. म्हणले कानाच्या आत अशा तीन अर्धगोल नळ्या असतात, पाणी भरलेल्या, डोकं वळलं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं किती वळलं. त्याच्या शेजारी एक पिशवी असते तिच्यात कॅल्शियमचे खडे असतात, मोहरीपेक्षा लई बारीक, डोळ्याला दिसणार नाहीत असे. वयानं, डोक्याला मार लागून, कधी लई दिवस आडवं पडून, बरेचदा काहीच कारण नसताना ते सुटतात आणि नळीत शिरतात. मग तुम्ही कूस बदलून थांबलात तरी खडे पाण्याला ढकलत घरंगळत राहतात, मेंदूला वाटतं अजून फिरतोय. त्यांनी कडं वाकडं केलं, मोहरी हळूच घरंगळत खाली जाऊन बसली. माझं तीन आठवड्याचं दुखणं त्या मोहरीत दिसलं. ह्याचं नाव बीपीपीव्ही, आणि गरगरण्याच्या कारणांत सगळ्यात जास्त सापडणारं हेच आहे.

उपाय काय तर खडे जिथनं आले तिथं परत घरंगळवायचे. परत उजवीकडं मान करून आडवं, थांबा. मग मान डावीकडं, थांबा. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडं, थांबा. मग उठून बसा. प्रत्येक ठिकाणी अर्धं-एक मिनिट, म्हणजे सगळं मिळून पाच मिनिटं. ह्याला एप्ली म्हणतात, अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास हे काढलं तेव्हा त्यांच्याच लोकांनी टिंगल केली, त्यावरचा त्यांचा मोठा पेपर छापून यायला १९९२ उजाडलं. दोनदा केलं माझ्यावर. दुसऱ्या वेळी आडवं केलं तर काहीच फिरलं नाही. मी डोळे उघडून तसाच पडून राहिलो, बायकोला वाटलं झोपलो काय.

गोळ्या बंद. त्यावर डॉक्टर जरा तापले पण. म्हणले ह्या गोळ्या दोन-चार दिवस उलट्या थांबवायला ठीक आहेत, महिनोन् महिने घेतल्या तर मेंदू स्वतः तोल सावरायला शिकत नाही, आणि त्यातल्या सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन असल्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसांनी लई दिवस घेतल्या तर हात थरथरणं, चाल मंदावणं असं कंपवातासारखं होऊ शकतं. मनानी एकदम बंद करू नका, विचारून करा, हे पण सांगितलं. पट्टा मी घरी येऊन धुतला आणि मास्तरना दिला, त्यांनी तो टेबलाचा पाय हलतो त्याखाली घातलाय.

मला इतकं बरं वाटलं की पुढच्या आठवड्यात आईला घेऊन गेलो. वय ७२. आईचं असं की रात्री बाथरूमला उठली की तोल जातो, दोनदा पडली, एकदा कपाळाला टाके. आम्ही सगळे म्हणायचो वय झालं. मला वाटलं हिचे पण खडे असतील, पाच मिनिटांत होईल.

नाही झालं. आईला आधी पाच मिनिटं झोपवून बीपी बघितला, १४६. मग उभं केलं, एका मिनिटानं, तीन मिनिटांनी परत बघितला, ११२. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तो आजारच धरतात म्हणे. आईला बीपीची गोळी, वर पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी, आणि रात्री उठायला लागू नये म्हणून आई दुपारनंतर पाणीच पीत नाही. बाहेर ४२ डिग्री. "आजी, टाकीत पाणी नाही तर वरच्या मजल्यावर चढणार कसं?" असं डॉक्टर म्हणले, आणि आई म्हणली, "आमच्याकडं तर मोटार लावली तरी चढत नाही."

एवढ्यावर नाही थांबले. चपला काढून पायाच्या अंगठ्यावर तो कंप पावणारा चिमटा ठेवला, ट्यूनिंग फोर्क, आईला झिणझिण कळलीच नाही, गुडघ्यावर कळली. दोन्ही पाय जोडून उभी केली, ठीक. डोळे मिटायला सांगितले, लगेच कलली, सिस्टरनी धरली. मग विचारलं आजी तोंड धुताना साबण लावून डोळे मिटले की झोक जातो का? आई चकित. म्हणली ह्यांना कसं कळलं. तोल हा डोळे, कान आणि पाय असा तिघांच्या जिवावर असतो, आईच्या पायाची बातमी बारा वर्षांच्या शुगरनं वर पोचत नाही, त्यात मोतीबिंदू, मग रात्री अंधारात राहिला एकटा कान. बी-१२ तपासायला सांगितलं, कारण आम्ही शाकाहारी आणि शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि कमी झालं की परत नसाच. निघालं कमी. इंजेक्शनं झाली.

इथं मला डॉक्टर सगळ्यात जास्त आवडले ते अशासाठी की बीपीच्या गोळीला हात लावला नाही. आमच्या फिजिशियनला चिठ्ठी लिहिली, आकडे लिहिले, ते बघतील म्हणले. फिजिशियननी मग लघवीची गोळी सकाळी केली आणि डोस कमी केला. आईला सांगितलं उठताना आधी पलंगावर बसायचं, पाय हलवायचे, शंभर आकडे मोजायचे, मग उभं राहायचं. आई आकडे मोजत नाही, हरिपाठाचा एक अभंग म्हणते. चालतंय.

तिच्यासाठी वरच्याच मजल्यावर मागच्या खोलीत तोल सांभाळायचे व्यायाम घेतात, एका वेळचे तीनशे, आम्ही दहा वेळा गेलो. पोरगी शिकवणारी एक नंबर. भिंतीच्या कोपऱ्यात उभं करायचं म्हणजे कलली तरी भिंत आहे, समोर खुर्ची, मग डोळे मिटून उभं राहायचं. कागदावरच्या अक्षरावर नजर ठेवून मान नको-नको म्हणल्यासारखी हलवायची. टाचेला अंगठा लावून एका रेषेत चालायचं. पण घरी न्यायला दिलेला कागद पूर्ण इंग्रजीत! सोलापुरात, ७२ वर्षांच्या बाईला! माझ्या पोरीनं वहीत चित्रं काढून दिली तेव्हा कुठं चालू झालं. आणि गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे गॉगलची पूर्ण टेस्ट केली तर साडेतीन हजार घेतात, माझ्याकडं ती मागितली नाही हे खरं, पण दर बाहेर लावलेले नाहीत. यूपीआय चालतं, पावती मागितली तरच मिळते.

वाट बघताना बघायसारखं एकच आहे, एका गोऱ्या माणसाचा जुना फोटो. विचारलं तर म्हणले रॉबर्ट बारानी, व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. कान धुताना गार पाणी गेलं की पेशंटचे डोळे एकीकडं उडायचे, गरम गेलं की दुसरीकडं, त्यावरनं त्यांनी तोलाचं यंत्र उलगडलं आणि १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते युद्धकैदी म्हणून रशियाच्या ताब्यात होते. माझं ऐकून झाल्यावर बायको हळूच म्हणली, एवढं सांगायला वेळ आहे म्हणून सव्वाएक वाजतो.

एक गोष्ट डॉक्टरांनी दोन्ही वेळा बजावली ती इथं टाकतो, कारण लोक रिव्ह्यू वाचून सरळ इकडं येतील. अचानक तोल गेला आणि त्यासोबत तोंड वाकडं, जीभ जड, एकाचे दोन दिसणं, हात-पाय लुळा किंवा आधाराशिवाय बसता-उभं राहता न येणं ह्यातलं काहीही असलं तर ह्या जिन्याच्या नादी लागू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा जिथं स्ट्रोकचा इलाज होतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूच्या मागच्या भागाचा झटका असला तर सुरुवातीच्या सीटीत कधी कधी दिसत पण नाही, म्हणून सीटी नॉर्मल आला म्हणून घरी निघून यायचं नाही, लक्षणं सांगत राहायची. छातीत धडधडून किंवा एकदम शुद्ध जाऊन पडला तर हृदयवाल्याकडं.

माझं परत झालं का? झालं. ऑगस्टमध्ये, परत उजवी कूस. हे खडे परत सुटू शकतात हे आधीच सांगितलेलं. फोन लावला, उचलला नाही, म्हणून घरीच पलंगावर त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं, बायकोनं मोबाईलवर सेकंद लावले, दुसऱ्या दिवशी साफ. पण मला माझा कान कुठला ते माहीत होतं. आमच्या युनिटमधल्या एकीनं यूट्यूबवर बघून भलत्याच बाजूला केलं आणि काही फरक नाही म्हणून बसली होती, तिला आता मीच घेऊन गेलो.

तेव्हाचं अपडेट. जारला पाणी होतं. टीव्ही बंद होता. आणि जिन्याला स्टीलचा पाईप बसवलाय बरं का, चांगला मजबूत, खालपासून वळणापर्यंत. वळणाच्या वर अजून नाही.